जुना कंदीलवाला, नवा कंदीलवाला

दिन्या,

तुझ्या तेराव्याचं जेवण चांगलं झालं होतं. गेलेल्या माणसाला लिहिताना कुणी अशी सुरुवात करत नाही, पण विजयवाड्याहून तुझा फोन आला की तू आधी 'काय जेवलास' हेच विचारायचास, म्हणून ते पहिल्यांदा सांगून टाकतो. आमटी झणझणीत होती. बुंदी जरा जास्त गोड होती. तुझ्या चुलत्यांनी मला आग्रह करकरून वाढलं आणि मीही खाल्लं. खाताना घास वगैरे अडकला नाही. नंतर गाडीला किक मारताना मात्र पाय दोनदा घसरला.

तू गेल्याला वीस दिवस झाले. गावात तुझ्याबद्दल लोक चांगलंच बोलतायत, त्यात माझी भर नको. मला एका गोष्टीची रुखरुख लागलीय तेवढीच इथं लिहितो. शेवटच्या रविवारी तू आपला वाद हरलास. कित्येक वर्षं चाललेला वाद, कंदीलवाला जुना चांगला की नवा. मी म्हणायचो जुना, तू म्हणायचास नवा. त्या दिवशी तू मान डोलावून म्हणालास, "व्हय गड्या, तुझाच खरा." मी शीळ वाजवत विट्याला आलो. आणि पाचव्या दिवशी तू गेल्याचा फोन आला. तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा आहे. तू खरंच हरला होतास, की मला जिंकू दिलंस?

हे कुणी तिसरा वाचेल त्याच्यासाठी थोडं सांगायला पाहिजे. माझं विट्यात स्टँडच्या मागं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, आधी अब्बांचं होतं. तुझ्या घरची गलाई. म्हणजे सोनारांकडचं जुनं, मिसळ झालेलं सोनं वितळवायचं, तेजाबात घालायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं. विट्याच्या आसपासच्या निम्म्या गावांचा हाच धंदा, तोही देशभर पांगून, त्यामुळं गावोगावी मोठमोठे बंगले आणि त्यांना मोठमोठी कुलुपं. तुमचं कुलूप मे महिन्यात निघायचं. तुझे वडील एका सुट्टीत अब्बांच्या दुकानात आले, तुला पुढं घालून, आणि म्हणाले, "मिस्त्री, पोराला टीव्ही गेम पायजे. वरिजिनल द्या, डुप्लिकेट नगं." सोन्यातला माणूस, दुसरं काय मागणार. अब्बांनी डबा काढून दिला आणि बरोबर एक कॅसेट दिली.

त्या कॅसेटवर जपानी अक्षरं होती. नाव आपल्याला वाचता येईना म्हणून आपणच ठेवलं, कंदीलवाला. हिरव्या डगल्यातला एक बुटका माणूस हातात कंदील घेऊन डोंगरातल्या भुयारात उतरतो आणि खाली अडकलेल्या खाणकामगारांना एकेक करून वर आणतो. पुढच्या सुट्टीत ती कॅसेट बंद पडली. फुंकर मारून मारून आपली थुंकी आत गेली असणार. अब्बा ती घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत गेले, तासाभरानं बाहेर आले आणि म्हणाले, "घ्या, झाली." आपण पळालो. त्यांनी त्या दिवशी आपल्याला बघू दिलं नाही, एरवी मला कडेला उभं करून दाखवायचे, हे मला तेव्हा काही खटकलं नाही.

तिसऱ्या भुयारात एक विहीर होती, आठवतं? विहिरीच्या डाव्या कडेला उभं राहून दोनदा उडी मारली की माणूस भिंतीतून आरपार जायचा आणि पलीकडं सात जीव मिळायचे. ते तू शोधलंस. मी विट्यातल्या सगळ्या पोरांना सांगितलं की मी शोधलं. तू त्यावर कधी काही बोलला नाहीस, आज लिहिताना लक्षात येतंय.

दहावीनंतर तू विजयवाड्याला वडिलांच्या भट्टीवर गेलास आणि मी दुकानात बसलो. मग वर्षातून एकदा, तुमच्या गावच्या यात्रेला भेट. आणि मग काही वर्षांपूर्वी हे कलेक्शन निघालं. जुने बेचाळीस खेळ एकत्र करून, घासूनपुसून, नव्या मशीनसाठी. त्यात आपला कंदीलवाला होता. तू घेतलास. मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज इतका वर गेला होता की मला वाटलं दुसरं पोर झालं.

तिथून भांडण सुरू झालं. मी तुझ्याकडं येऊन नवा कंदीलवाला पाच मिनिटं बघितला आणि म्हणालो, "ह्यो आपला न्हवं."

"आरं त्योच हाय."

"डगला बघ. निळा केलाय. आपला हिरवा हुता."

"मूळचा निळाच आसंल."

"आन गाणं? गाडी सुटल्यावानी पळतंय. आपलं कसं सावकाश वाजायचं. आन चेहरा बघ. आपल्या टीव्हीवर त्याला डोळं हुतं, मिशा हुत्या. हितं नुसतं चौकोन दिसत्यात."

डोळ्यांचं माझं म्हणणं अजून बरोबर आहे, दिन्या, ते मी सोडत नाही. जुन्या काचेच्या टीव्हीत ठिपके एकमेकांत थोडे मिसळायचे, आणि खेळ बनवणाऱ्यांनी ते धरूनच चित्र काढलेलं असायचं. नव्या पडद्यावर ते ठिपके सुटे दिसतात. कलेक्शनवाल्यांनी त्याला उपाय म्हणून चित्रावर खोट्या आडव्या रेघा मारायची सोय दिली. तू ती चालू करून मला दाखवलीस, मोठ्या कौतुकानं. मी म्हणालो, हे म्हणजे टक्कल पडल्यावर टोप घालण्यासारखं आहे. तुला टक्कल पडलं होतं. तू हसलास तरी.

रिवाइंडवरनं तर आपण दोन दिवस बोललो नाही. नव्यात माणूस खड्ड्यात पडला की एक बटण दाबून मागं जाता येतं, मग पडलाच नाही. मी म्हणालो, ही चोरी आहे. जुन्यात पडलो की पहिल्यापासून, म्हणूनच तो भुयाराचा रस्ता आजही हाताला पाठ आहे. तू म्हणालास, "आमच्या भट्टीत एकदा मूस फुटली की सोनं राखंत जातं. मागं येत न्हाई. हितं येतंय तर येऊ दे की रं." मी म्हणालो, भट्टीचं भट्टीत ठेव.

आणि माझा हुकमाचा पत्ता म्हणजे ती विहीर. नव्यात डाव्या कडेला उभं राहून मी वीस वेळा उड्या मारल्या. भिंत जागची हलली नाही. मी कंट्रोलर गादीवर टाकला आणि म्हणालो, "काडून टाकलं भडव्यांनी. चूक वाटली आसंल त्यास्नी, म्हून बुजवली. ह्येला सुधारणा म्हनत्यात." तू माझ्याकडं बघितलंस, काहीतरी बोलणार होतास, आणि मग म्हणालास, "चा घेणार?"

ते बघणं मी आता रोज आठवतो.

गेल्या पावसाळ्यात तू आजारपण घेऊन गावी आलास. तेजाबाच्या वाफेनं छातीचं काय केलं ते डॉक्टरांनी तुला सांगितलं, तू मला सांगितलं नाहीस. 'हवापालट' म्हणालास. मी दर रविवारी यायचो. तू खाटेवर उशीला टेकून कंदीलवाला खेळायचास आणि मी खुर्चीत बसून नावं ठेवायचो. मला वाटायचं, यानं तुझं मन रमतंय. कदाचित रमतही असेल. शेवटच्या रविवारी तू शेवटचं भुयार पार केलंस. लहानपणी आपल्याला ते कधीच जमलं नव्हतं. सगळे खाणकामगार वर आले, पडद्यावर सूर्य उगवला, तो सूर्य आपण तोवर बघितलाच नव्हता. तुझे चुलते होते, शेजारचे दोघं होते. तू माझ्याकडं बघितलंस. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ह्ये काय जितणं न्हवं. ह्ये रोल्ड गोल्ड. वरिजिनलवर करून दाखव, मग मानतो."

"व्हय गड्या," तू म्हणालास. "तुझाच खरा."

सोन्याची भट्टी चालवणाऱ्या माणसाला रोल्ड गोल्ड म्हणालो. आणि वर शीळ वाजवत घरी आलो.

तेराव्याला पंगती उठल्यावर सुरेखावहिनींनी मला आत बोलावलं. त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट काढली. आपली. वरचा कागद निम्मा गेलेला. म्हणाल्या, "ही तुमी न्या भावजी. ते म्हणायचे, जावेदचीच हाय."

मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की आता असला ओरिजिनल माल कुठं मिळतो. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवं भावजी, बोलावं का न्हाई कळंना. ती डुप्लिकेट हाय."

मी हसलो. खरंच हसलो.

"लगीन झाल्याच्या पयल्या वर्सी त्यांनी उगडून बगितली हुती. माज्यासमूरच. बगितली, आन गप झाकण लावलं. म्या इचारलं काय झालं, तर म्हणले, जावेदला सांगायचं न्हाई."

मी विचारलं, का.

"म्या बी त्येच इचारलं. गेल्या म्हयन्यात तुमी परत त्या हिरीवरनं भांडून गेलासा, तवा म्या म्हणलं, एकदा सांगून टाका की, त्यास्नी वाटतंय नव्यानं बिगाडलं, आन मुळात तुमचीच खोटी. तर म्हणले, आपल्या दुकानात कुणी आईचं लेणं नुसतं उजळायला आणलं, तर त्याला कसोटीला लावतो का आपण? इकायला आणलं तरच लावतो. मग म्हणले, जावेदनं ती कॅसेट माज्याकडं इकायला कुटं आणलीय?"

तुमच्या दुकानातली ही रीत मला माहीत होती. विजयवाड्याला आलो होतो तेव्हा तूच दाखवली होतीस. एक म्हातारी तुटलेली साखळी सांधायला घेऊन आली होती. तू सांधून दिलीस. ती गेल्यावर मी विचारलं, किती टक्के असेल रे. तू म्हणालास, बघितलं न्हाई. मला वाटलं, हा धंद्यात कच्चा आहे.

घरी आलो. चार स्क्रू काढले. मी गेली तीस वर्षं लोकांच्या वस्तू उघडतोय आणि तोंडावर सांगतोय, तुम्हाला फसवलंय, हा माल डुप्लिकेट आहे. गिऱ्हाइकाचं तोंड पडतं ते बघायची मला सवय आहे, कधीकधी मजाही वाटते, खोटं कशाला बोलू. कॅसेटच्या आत, जिथं चिप असायला हवी, तिथं डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा होता. असले गोळे मी शेकड्यांनी बघितलेत. दुकानात नव्या आलेल्या मुलालाही मी पहिल्या दिवशी तेच शिकवतो, काळा गोळा दिसला की नकली. आणि ज्या एका कॅसेटवरून मी जगाशी भांडलो ती उघडून बघायचं मला कधी सुचलं नाही.

मग बाकीचं आपोआप सुटत गेलं. डगला मूळचा निळाच होता, नक्कल करणाऱ्यानं रंग बदलला. विहिरीची भिंत नव्यानं कुणी बुजवली नव्हती, नक्कल करताना तिथं भोक पडलं होतं, त्यातून आपण आरपार गेलो. गाण्याचं तर मला टीव्हीवाला म्हणून शरमेनं मरायला पाहिजे. जपानी टीव्हीचा ठोका सेकंदाला साठाचा, आपला पन्नासाचा. आपल्याकडं यायचे ते डबे पन्नासाच्या ठोक्यावर चालायचे, त्यामुळं सगळा खेळच संथ. गाणं नव्यात पळत नव्हतं, आपल्याकडं लंगडत होतं. हे मला कुठल्याही दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

वहिनींनी तुझं मशीनही आग्रहानं बरोबर दिलं होतं. चार दिवस मी नवा कंदीलवाला खेळलो. पहिल्या खड्ड्यात अकरा वेळा पडलो. माझ्या बोटांना तो संथ ठोका पाठ आहे, खऱ्या वेगाला ती पुरत नाहीत. तुझीही बोटं त्याच संथ खेळावर वाढलेली. म्हणजे तू खाटेवर पडून, छातीत हवा नसताना, तीस वर्षांची सवय मोडून नवी लावलीस आणि शेवटपर्यंत गेलास. रिवाइंडचं बटण मीही दाबलं. पुष्कळदा दाबलं. तरी मी अजून दुसऱ्याच भुयारात आहे.

तर निकाल असा. नवा चांगला आहे. चेहऱ्याचे डोळे सोडले तर प्रत्येक बाबतीत चांगला आहे, आणि तो खेळ बनवणाऱ्यांच्या मनात जसा होता तसा आहे. तू बरोबर होतास आणि तू जिंकलास, त्या रविवारी सगळ्यांसमोर मी हे म्हणायला पाहिजे होतं. मला त्याची लाज वाटते, दिन्या. आपण ज्याच्यावर जीव टाकला तो खेळ मात्र कुठल्याही कलेक्शनमध्ये येणार नाही. नकलेची सुधारित आवृत्ती कोण काढणार. हिरव्या डगल्याचा, लंगड्या गाण्याचा, भिंतीला भोक असलेला कंदीलवाला आता विट्यातल्या एका ड्रॉवरमध्ये आहे आणि मी गेलो की संपला.

एक गोष्ट वहिनींनी सांगितली नव्हती, बहुतेक त्यांना माहीत नसावी. त्या काळ्या गोळ्याच्या कडेला सोल्डरचा एक डाग दिला होता, आणि डागावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. विट्यात डागावर नेलपॉलिश लावणारा एकच मिस्त्री. हवा लागून जोड गंजू नये म्हणून अब्बा अम्मीची बाटली वापरायचे, अम्मी ओरडायची. म्हणजे अब्बांनी ती कॅसेट उघडली होती, गोळा बघितला होता, आणि दुरुस्त करून, झाकण लावून, आपल्या हातात दिली होती. आणि तूही तो लाल ठिपका बघितला होतास. तू गप्प झाकण लावलंस ते मी दुखावेन म्हणून नव्हतं, अब्बांसाठी होतं. दर ईदला तू अब्बांना फोन करायचास. इतकी वर्षं, हे माहीत असून.

परवा सकाळी अब्बा नेहमीसारखे दुकानात येऊन बसले. नजर अधू झालीय, पण हातानं चाचपून जुने स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत टाकत बसतात. तू गेल्याचं कळल्यापासून ते तुझ्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, डोळ्याला पाणीही नव्हतं. मला राग आला होता त्याचा. मी सोल्डरिंग करत होतो. त्यांनी डबा बाजूला ठेवला. आम्ही घरात दखनीच बोलतो, तसंच त्यांनी विचारलं.

"वो कॅसेट का... उसकू मालूम पड्या था क्या रे?"

मी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. मग ते सांगत गेले. मिरजेच्या एका व्यापाऱ्यानं ओरिजिनल म्हणून दिली होती. विकताना त्यांना ठाऊक नव्हतं. उघडली तेव्हा कळलं. तुझ्या वडिलांना सांगायला दुसऱ्या दिवशी तुमच्या गावी गेले, तर बंगल्याला कुलूप लागलेलं. पुढच्या वर्षी जीभ रेटली नाही, मग त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तुझे वडील वारले तेव्हा फार जिवाला लागलं. ईदला तुझा फोन आला की दरवेळी वाटायचं, आज हा विचारणार.

मला एवढंच म्हणायचं होतं की हो, त्याला माहीत होतं, त्यानं मनात काही ठेवलं नाही. ते खरं होतं आणि चांगलंही होतं. पण अब्बांनी बाजूला ठेवलेला डबा परत मांडीवर घेतला होता आणि ते एकच स्क्रू बोटांत फिरवत होते. खरं ऐकलं असतं तर ईदचा प्रत्येक फोन त्यांना परत एकदा सोसावा लागला असता, तू जाणून होतास हे जाणून.

"नै अब्बा," मी म्हणालो. "उसकू कब्बीच मालूम नै पड्या. आखरी इतवारकू बी सबके सामने बोल्या, जावेद, तेरीच ओरिजिनल."

अब्बांनी चष्मा काढला आणि ते रडले. मुलगा गेल्यासारखे रडले, मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं बघत होती तरी. मी उठून शटर निम्मं खाली ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

तू आमच्या घरासाठी वीस वर्षं गप्प राहिलास, दिन्या. माझ्या वाट्याला एकच वाक्य आलं, ते मी नीट बोललो.

तुझा,
जावेद